लंडनहून, पाण्याबद्दल

प्रिय आई-बाबा, सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले ना, तुमच्या त्या रिसर्चमध्ये अर्ध्या लोकांना मुद्दाम घाण पाणी पाजता का, तेव्हा आजीच्या डाळीवरून वाद सुरू झाला आणि उत्तर राहूनच गेलं. मुद्दाम पाजता येत नाहीच हो, पण कधीकधी तसं आपोआप घडून गेलेलं असतं, कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं एवढंच.

रविवारी ब्रॉडविक स्ट्रीटला जाऊन आलो, तिथे, कॉलरा पाण्यातून पसरतो असं म्हणणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोच्या आठवणीत बिनदांड्याचा पंप उभा केलाय. 1854 च्या कॉलऱ्यात त्याने पंपाचा दांडा काढायला लावला हे सगळे सांगतात, पण मला विचाराल तर त्याचं खरं काम थेम्सच्या दक्षिणेला. तिकडे दोन कंपन्यांचे पाइप एकाच गल्लीत, या घरात लॅम्बेथचं पाणी तर शेजारी साउथवर्कचं. 1852 मध्ये लॅम्बेथने पाणी घ्यायची जागा नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीपासून लांब नेली, साउथवर्कवाले मात्र खाली घाणीतच, बॅटरसीला राहिले. गरीब-श्रीमंत दोन्हीकडे मिसळलेले, आणि भाडेकऱ्यांना तर पुष्कळदा पत्ताच नाही की पाणी कुणाचं, कारण बिल घरमालक भरायचा! मग हा गडी दारोदार फिरला, जिथे कुणाला माहीत नसेल तिथलं पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचा (मिठाच्या पाण्यात त्याचा पांढरा साका होतो), साउथवर्कच्या पाण्यात मीठ जवळजवळ चाळीसपट, म्हणून लगेच ओळखू यायचं. पहिल्या सात आठवड्यांत दर 10,000 घरांमागे साउथवर्ककडे 315 माणसं गेली, लॅम्बेथकडे 37. रॉबर्ट कोख या जर्मन डॉक्टरने कॉलऱ्याचा जंतू दाखवला तो जवळपास 30 वर्षांनी.

आता डाळ. आजी म्हणते 1978 ला इंदूरला नर्मदा आली तेव्हापासून डाळ झटकन शिजते आणि समोरच्या काकूंकडे बोअरिंगचं पाणी म्हणून शिजत नाही. असेलही, जड पाण्यात डाळ हट्टीपणा करतेच, पण हा पुरावा कच्चा आहे आजी, काकूंचा कुकर जुना, डाळ दुसऱ्या दुकानातली, आणि बोअरिंग त्यांनी स्वतः ठरवून घेतलंय, स्नोच्या भाडेकऱ्यांसारखं नकळत गळ्यात नाही पडलेलं.

पण डाळ म्हणजे काही कॉलरा नाही. एकाच डब्यातली तूरडाळ, आपलाच कुकर, एकदा आपलं पाणी एकदा काकूंचं, शिट्ट्या सारख्या. बाबांनी बघायचं, पाणी कुणाचं ते त्यांना सांगू नका.

पुण्याच्या आत्यालाही हे वाचून दाखवा, ती आजीच्याच पार्टीत जाईल माहितीये. लसणाची शेव अजून पोचली नाही.

तुमचा,
बंड्या