फोटो प्रिंटर घेताना डीपीआय सोडा, शाईचं विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतला घरच्या घरी फोटो छापायच्या प्रिंटरांवरचा लेख वाचला. विषय चांगला घेतलात, फोनमध्ये हजारो फोटो पडून असतात आणि भिंतीवर एक नसतो अशी आता बहुतेकांची गत आहे. पण लेखात जो तक्ता दिलाय त्यात डीपीआय (एका इंचात शाईचे ठिपके) किती, वायफाय आहे का, मिनिटाला पानं किती निघतात आणि मशीनचं वजन किती एवढंच आहे, फोटोसाठी प्रिंटर घेणाऱ्याला जे कळायला हवं ते एकाही रकान्यात नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापलंत तरी चालेल पण शाईचा भाग तेवढा ठेवा.

आधी त्या डीपीआयचं बघू. ५७६० बाय १४४० असलं काही वाचलं की माणूस दिपून जातो आणि विकणाराही तेच बोट ठेवून दाखवतो. १९८४ मध्ये एचपीचा थिंकजेट आला तो ९६ डीपीआयचा होता, १९९४ मध्ये एप्सनचा स्टायलस कलर आला तो ७२० चा, त्या काळात हा आकडा बघून प्रिंटर घेणं बरोबरच होतं कारण ठिपके चक्क डोळ्यांना दिसायचे. आता दिसत नाहीत. हेड, म्हणजे शाईचे थेंब सोडणारा प्रिंटरचा भाग, कागदावर किती जवळजवळ थेंब टाकू शकतं एवढंच हा आकडा सांगतो, आणि गालाचा एक साधा रंग उठवायलाही निरनिराळ्या शायांचे ढीगभर थेंब लागतात, त्यामुळे त्याचा आणि फोटोतल्या पिक्सेलचा थेट संबंध नाही. फोटोला लागतात इंचाला साधारण ३०० पिक्सेल, म्हणजे चार बाय सहा इंचाला १२०० बाय १८००, जेमतेम दोन मेगापिक्सेल झाले, कुठल्याही फोनमध्ये असतात. ए-४ ला २४८० बाय ३५०८, तेही असतात. भिंतीवर लावून लांबून बघायचा असेल तर २०० वर पण भागतं. इतकं असून फोटो फाटल्यासारखा येतो तेव्हा बहुतेक वेळा तो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेला असतो आणि पाठवतानाच दाबून बारीक केलेला असतो. पाठवणाऱ्याला सांगायचं की डॉक्युमेंट म्हणून पाठव, मूळ फाइल येते.

आता शाई, खरा मुद्दा हाच. शाई दोन जातीची, डाय आणि पिगमेंट. डायमध्ये रंग पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळलेला असतो आणि तो कागदाच्या कोटिंगमध्ये मुरतो, म्हणून ग्लॉसी कागदावर मस्त चकचकीत येतो. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात ते वरच्या वर बसतात, चमक किंचित कमी पण उजेड, हवा, ओलावा सगळ्याला जास्त दाद देत नाहीत. कुठली चांगली असं काही नाही, अल्बममध्ये ठेवायचे असतील तर डाय उत्तम, भिंतीवर वर्षानुवर्षं लावायचे असतील तर पिगमेंट. पण हे खोक्यावर मोठ्या अक्षरात कुणी लिहीत नाही आणि तुमच्या तक्त्यातही नाही.

त्यातून बऱ्याच चार रंगांच्या टँकवाल्या (बाटलीतून शाई ओतायच्या) प्रिंटरांमध्ये अजून एक भानगड असते, तिन्ही रंग डाय आणि काळी तेवढी पिगमेंट. ही काळी अक्षरांसाठी असते, साध्या कागदावर ठसठशीत उमटते, पण ग्लॉसी कागदात ती मुरतच नाही. म्हणून सेटिंगमध्ये ग्लॉसी पेपर निवडला की असा प्रिंटर काळी बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळा तयार करतो. हे करून बघण्यासारखं आहे: ग्लॉसी कागद घालून सेटिंग मुद्दाम साधा कागद असं ठेवा, फोटो बाहेर येईल, केस काळेभोर दिसतील, आणि त्यावरून अंगठा फिरवलात की केस कपाळावर आलेले. लोक म्हणतात शाई भेसळीची आहे, कागद डुप्लिकेट आहे. कागदही बरोबर आणि शाईही बरोबर, फक्त पेपर टाइप चुकलेला. शाई किती सोडायची आणि कुठली सोडायची हे सगळं त्या एका सेटिंगवर ठरतं, म्हणून मी तर म्हणेन की महागड्या कागदापेक्षा ती एक ओळ नीट निवडणं जास्त महत्त्वाचं.

याच कारणाने चार रंगांवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला की त्यावर कधी हिरवट कधी जांभळट झाक येते, तीन रंगांतून करडा बनवायचा म्हणजे तोल जरा इकडेतिकडे होणारच. ज्यांना घरातले जुने कृष्णधवल फोटो स्कॅन करून पुन्हा छापायचेत त्यांनी करडी शाई वेगळी असलेला प्रिंटर बघावा. माणसांचे रंगीत फोटो जास्त असतील तर सहा रंगांचा, म्हणजे फिकट सायन (निळसर) आणि फिकट मॅजेंटा (गुलाबी) शाई जादा असलेला घ्यावा, चेहऱ्याच्या उजळ भागात दाणेदारपणा कमी येतो.

फोटो किती वर्षं टिकेल याचे जे दावे असतात, शंभर वर्षं, दोनशे वर्षं, ते खोटे नसतात पण त्यातली अट वाचावी लागते. फोटो किती टिकतात हे तपासणाऱ्या हेन्री विल्हेल्म यांच्या विल्हेल्म इमेजिंग रिसर्चचे आकडे या धंद्यात सर्रास वापरले जातात आणि त्यात भिंतीवरच्या फोटोसाठी हिशोब धरलेला असतो रोज १२ तास ४५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड, आणि काचेमागे ठेवलेला फोटो वेगळा, उघडा वेगळा, अल्बममध्ये अंधारात ठेवलेला वेगळा. जाहिरातीत बहुधा अल्बमवालाच आकडा मोठा छापतात कारण तोच सगळ्यात मोठा असतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर उजेड ४५० लक्सच्या किती तरी पुढे जातो. आणि नुसता उजेडच नाही, हवा पण फोटो खाते. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० वर काढलेले फोटो काही लोकांकडे उघड्यावर ठेवल्यावर नारिंगी पडायला लागले होते, कारण निघालं हवेतला ओझोन, त्याने सायन डाय खाऊन टाकला. लवकर सुकणाऱ्या सच्छिद्र कोटिंगच्या कागदावर डाय हवेला उघडाच राहतो ना. तेव्हा डाय शाईचा फोटो लावायचाच असेल तर काचेमागे लावा. मात्र छापल्या छापल्या नको, एक दिवस तरी उघडा सुकू द्या, नाहीतर शाईतली वाफ आतून काचेवर धुरकट बसते, आणि काच फोटोला टेकता कामा नये, मध्ये माउंटची, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवी, दमट हवेत चिकटला की निघत नाही.

खर्चाचं आता. लेखात एका बाटलीत इतकी हजार पानं असं लिहिलंय. ही पानं म्हणजे फोटो नव्हेत हो! बाटलीचा तो आकडा कंपन्या बहुधा आपापल्या पद्धतीने काढतात, त्यासाठी वापरलेली पानं आयएसओ २४७१२ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेली आहेत आणि ती ऑफिसची पानं आहेत, मजकूर, तक्ते, थोडी चित्रं, बरीचशी जागा पांढरी. फोटोत कागद काठापासून काठापर्यंत शाईने भरतो. फोटोसाठी वेगळी चाचणी आहे, आयएसओ २९१०२, ती पोस्टकार्ड साइजच्या फोटोंवर करतात, आणि काही कंपन्या तो आकडा देतात पण शोधावा लागतो. तुमच्यासारख्या वर्तमानपत्राने तोच आकडा मागून छापायला हवा होता, कंपनीने नाही दिला तर नाही दिला असं लिहायचं.

बॉर्डरलेस छापण्यातही शाई वाया जाते हे कुणी सांगत नाही. कड सुटू नये म्हणून प्रिंटर फोटो थोडा मोठा करून कागदाच्या बाहेरही शाई मारतो, ती खालच्या स्पंजात जाते. वर फोनचा फोटो असतो ४:३ आणि कागद असतो ३:२, म्हणजे वरखाली कापणारच, ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्यांची डोकी जातात. पांढरी कड ठेवून छापा, दिसायलाही बरं दिसतं असं माझं मत, लोकांना पटत नाही.

सगळ्यात जास्त बोलायला हवं ते मात्र पडून राहण्याबद्दल. इंकजेट वापरून जितका खराब होतो त्यापेक्षा न वापरून जास्त होतो. हेडमधून शाई जिथून बाहेर पडते त्या नोझलचं भोक केसापेक्षा बारीक, त्यात शाई सुकली की फोटोत आडव्या रेघा यायला लागतात, मग आपण हेड क्लीनिंग मारतो, एकदा, दोनदा, परत परत. प्रत्येक क्लीनिंगला शाई हेडमधून ओढून वेस्ट इंक पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या त्या स्पंजात, टाकली जाते आणि आत एक काउंटर तिचा हिशोब ठेवत बसतो. काउंटर भरला की प्रिंटर थांबतो. आमच्याकडे एकाचं असंच झालं, टाक्या भरलेल्या, नोझल ठणठणीत, आणि स्क्रीनवर एकच मेसेज की आतला भाग बदलायची वेळ झाली, सर्व्हिस सेंटरला संपर्क करा. सर्व्हिसवाल्याने मशीन उघडलंसुद्धा नाही, म्हणाला नवीन घ्या. आता काही मॉडेलमध्ये हा पॅड मेंटेनन्स बॉक्स म्हणून वेगळा मिळतो आणि घरीच दोन मिनिटांत बदलता येतो, काहींत अजूनही आत बंद आहे. मशीनच्या वजनापेक्षा ही माहिती कितीतरी कामाची आहे, पण ती तुमच्या तक्त्यात नाही.

हेडचंही तसंच. थर्मल जातीत नोझलमागे इवलासा हीटर असतो, तो शाईचा बुडबुडा करून थेंब बाहेर फेकतो, एचपी आणि कॅनन या वाटेने जातात. पिझोमध्ये विजेने एक चकती वाकते आणि थेंब ढकलते, ती एप्सनची वाट. फोटो दोन्हीत सुंदर येतात, त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो हेड बुजल्यावर. काही थर्मल मॉडेलमध्ये हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं, कार्ट्रिज बदललं की हेड नवीन. पिझो हेड बहुधा मशीनमध्ये पक्कं बसवलेलं असतं, ते गेलं की दुरुस्ती जवळपास प्रिंटरच्या किमतीला जाते. त्यामुळे जो माणूस कधीतरीच छापणार आहे त्याला ‘टँकवाला स्वस्त पडतो’ हा सल्ला सरसकट देणं बरोबर नाही, टँक स्वस्त पडतो तो सतत छापणाऱ्याला. कधीतरीच छापणाऱ्याला कार्ट्रिजवाला परवडेल, किंवा डाय सब्लिमेशनचा (रंग तापवून कागदावर चढवणारा) छोटा प्रिंटर, कॅननचा SELPHY नावाचा येतो तसा, त्यात ओली शाईच नसते, रंगाची रिबन असते, महिने पडून राहिला तरी सुकायला काही नाही. साइज मात्र लहानच. आणि वर्षातून एखाद्या वेळी अल्बम भरण्यापुरतेच फोटो हवे असतील तर सरळ लॅबमध्ये टाका, प्रिंटर घेऊच नका, हे वाक्य तुमच्या लेखात कुठेतरी असायला हवं होतं.

घेतलाच तर आठवड्यातून एक रंगीत पान काढत राहा, फोटोच हवा असं नाही, सगळे रंग असलेलं कुठलंही पान चालतं. चांगला कागद घालण्याआधी साध्या कागदावर नोझल चेक (चाचणीच्या रेघांचं पान) काढा, रेघ तुटलेली दिसली तरच क्लीनिंग. ग्लॉसी कागदाची छापायची बाजू कळत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा, जरा चिकटल्यासारखं वाटतं ती बाजू.

फोटो स्क्रीनपेक्षा काळपट येतो ही तक्रार तर सगळ्यांचीच. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद नाही फेकत, आणि आपण ब्राइटनेस बहुतेक वेळा शेवटपर्यंत चढवलेला असतो. तो उतरवा आणि मग फोटो बघून एडिट करा, अर्धी तक्रार तिथेच संपते. रंगच वेगळे येत असतील तर सॉफ्टवेअर आणि प्रिंटर ड्रायव्हर दोघं एकाच वेळी रंग सुधारत नाहीत ना बघा, एकालाच ते काम द्या. कागदाचा आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) मिळत असेल तर सॉफ्टवेअरला, नाहीतर फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवून प्रिंटरला.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी तक्ता कराल तेव्हा शाई डाय की पिगमेंट आणि काळी कुठली, हेड बदलता येतं का, वेस्ट पॅड घरी बदलता येतो का आणि एका भरणीत फोटो किती निघतात, हे रकाने घाला, जागा नसेल तर वजनाचा काढा.

आणि एक दुरुस्ती मात्र पुढच्याच अंकात करा. लेखाच्या शेवटी चौकटीत लिहिलंय की वीज वाचवायला काम झालं की प्रिंटर भिंतीवरच्या बोर्डावरून बंद करावा. असं केलं तर हेड मध्येच कुठेतरी उघडं राहू शकतं आणि सुकतं. आधी प्रिंटरचं स्वतःचं पॉवर बटण दाबायचं, हेड उजवीकडे किंवा डावीकडे आपल्या जागी जाऊन त्यावर रबराचं झाकण बसतं, आवाज थांबतो, दिवा विझतो, मग हवं तर बोर्ड बंद करा.

आपला,
एक नियमित वाचक