कॅलेंडरच्या पानाचं कव्हर

आदरणीय ग्रंथपाल काकू,

हे पत्र जूनमध्येच लिहायचं होतं. दोनदा बसले, दोन्ही वेळा डोळे भरून आले म्हणून ठेवून दिलं. आज पूर्ण करतेच.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती, तुमची कुलूप लावायची वेळ. मी टेबलापाशी येऊन हळूच विचारलं, "तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांनी वाचावं असं काही आहे का?"

त्याआधीचे दोन महिने माझा मुलगा माझ्याशी धड बोलत नव्हता. दार लावून बसायचा, भरल्या ताटावरून उठायचा. शाळेत विचारायला गेले तर "घरी लक्ष कमी पडतंय" एवढं ऐकवून परत पाठवलं. नातेवाईक म्हणाले, मोबाइल काढून घे, सुतासारखा सरळ येईल. पैसे भरून एका व्याख्यानाला गेले, तिथे दोन तास आयांच्या चुका ऐकल्या. सगळ्यांच्या लेखी माझा मुलगा बिघडलेला होता. आणि कबूल करते, मीही त्याच्याकडे तसंच बघायला लागले होते.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. शाळा कुठली, मार्क किती, त्याने केलं काय, काही नाही. आत जाऊन दोन पुस्तकं आणि 'पालकनीती'चे जुने बांधीव अंक घेऊन आलात. पुण्याहून 1987 पासून निघणाऱ्या या मासिकाचं मी तोवर नावही ऐकलं नव्हतं. नोंद करता करता एका पुस्तकापाशी थांबलात. त्याच्या नावातच 'समस्या' हा शब्द होता, तोही ठळक अक्षरांत. तुम्ही ड्रॉवरमधून पतसंस्थेच्या जुन्या कॅलेंडरचं पान काढलंत आणि कोरी बाजू वर ठेवून पुस्तकाला कव्हर घातलंत. म्हणालात, "घरात कुठंतरी पडलेलं दिसायचं त्याला. आपल्यावर इलाज चाललाय असं वाटायला नको पोराला."

काकू, ज्याला तुम्ही कधी पाहिलंही नाही, त्या पोराच्या मनाची काळजी तुम्ही केलीत. घरी येताना रिक्षात मी ते पुस्तक छातीशी धरून बसले होते.

त्यातच वाचलं की या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार व्हायला लागतं. रात्री अकराच्या आधी डोळा लागत नाही, तो हट्ट नसतो. झोप मात्र आठ ते दहा तास लागते. आमची शाळा सकाळी सातची. रोज साडेपाचला "आळशी" म्हणत मी त्याचं पांघरूण ओढत होते! त्या रात्री त्याच्या खोलीच्या दाराशी बराच वेळ उभी राहिले.

दुसरं पुस्तक देताना म्हणाला होतात, "हे त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी." प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. हा माणूस आपल्याच जिल्ह्यात, कराडला, भूगर्भशास्त्र शिकवायचा, हेही तुम्हीच सांगितलंत. आजी-आजोबांकडे वाढणारा तो लंपन वाचताना कळलं की पोरांच्या आत किती काय चाललेलं असतं आणि त्यातलं किती थोडं तोंडातून बाहेर येतं. मी प्रश्न विचारणं कमी केलं. रात्री नुसती त्याच्या शेजारी बसायला लागले. मार्चमध्ये एकदा दिवे गेले असताना तो आपणहून बोलला. वर्गात त्याला कशावरून चिडवत होते, ते. इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

मोठमोठ्या फलकांवर ज्यांची नावं असतात त्यांच्याकडून मला नियम मिळाले. तुमच्याकडून माणुसकी मिळाली, पंख्याचा आवाज येणाऱ्या त्या खोलीत, तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या बाईकडून. अशी माणसं गावागावांत आहेत आणि त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्याकडे गेल्या वर्षीचं पतसंस्थेचं कॅलेंडर अजून आहे. बारा पानं, मागून कोरी. शनिवारी घेऊन येते.

तुमची,
एका आठवीतल्या मुलाची आई, सातारा