पाण्यात उतरण्याआधी

सांगली,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. रेवा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू टेक्सास स्टेट गार्डची शपथ घेतल्याचं सांगितलंस आणि मी नुसतं 'बरं' म्हणालो. त्यावर तू गप्प झालीस, ते मला कळलं. शेजारी तुझी आई उभी होती गं. तू बोटीच्या पथकासाठी नाव दिलंयस हे तिला अजून माहीत नाही. तिच्यासमोर त्यापुढे काय बोलणार? म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा हे सांगतो की मला अभिमान वाटला. रात्री उठून ट्रंकेतला माझा होमगार्डचा बिल्ला काढून बघितला. 'निष्काम सेवा' ही अक्षरं अजून वाचता येतात. घरात खाकी घालणारा मी एकटाच होतो, आता तू झालीस.

तू टेक्सास स्टेट गार्डबद्दल सांगितलेलं सगळं मी वहीत उतरवून ठेवलंय. नॅशनल गार्ड वेगळं आणि हे वेगळं. नॅशनल गार्डला वॉशिंग्टनहून बोलावणं येऊ शकतं, तुमच्या दलाला केंद्राच्या फौजेत ओढता येत नाही, तुम्ही गव्हर्नरच्या हुकमाखाली. महिन्यातून एका शनिवार-रविवारी कवायत, तीही बिनपगारी, आणि खरंच कामावर बोलावलं तर तेवढ्या दिवसांचा भत्ता. लिहिता लिहिता वाटलं, अरे, हे तर आपलंच होमगार्ड! आमची संघटना ६ डिसेंबर १९४६ ला मुंबईत सुरू झाली. तुमची १९४१ ची, महायुद्धासाठी नॅशनल गार्ड केंद्राच्या ताब्यात गेल्यावर राज्य सांभाळायला मागे कुणीतरी हवं म्हणून उभी केलेली. दोन्हीकडे माणसं सारखीच. आपापली नोकरी सांभाळून येणारी, पोलिसांच्या किंवा फौजेच्या मागच्या रांगेत उभी राहणारी. मिरजेच्या विसर्जनाला आम्ही रात्रभर उभे राहून दुसऱ्या दिवशीही तिथेच असायचो. तू लहान होतीस, आईबरोबर डबा घेऊन यायचीस आणि माझी टोपी घालून बघायचीस.

तर दलाबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते बोटीबद्दल.

२००५ च्या पुरात मी सांगलीच्या गावभागात नावेवर होतो, हे तुला माहीत आहे. त्यातलं एक घरी कधी बोललो नाही. एका माडीवरून म्हातारीला उतरवून घेत होतो. ती गाठोडं सोडायला तयार नव्हती, आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत असताना नाव धारेला लागली आणि फिरून विजेच्या खांबावर आदळली. वाचलो ते नावेला बांधलेल्या जाड सोलामुळे, म्हणजे दोरखंडामुळे. त्याचं दुसरं टोक धरून चार जण कोरड्यावर उभे होते. ते गप्पा मारत बसले असते तर मी परत आलो नसतो. तू तेव्हा मोठी होतीस, माझी आठवण तुला राहिली असती. पण कॉलेजला तुला सोडायला दुसरं कुणीतरी आलं असतं.

आणि ब्रह्मनाळ. ८ ऑगस्ट २०१९. तुझ्या आत्याचं सासर तिथून जवळ, त्यामुळे आपल्याकडे तो दिवस अजून कुणी मोठ्यानं काढत नाही. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. सोडवायला आलेलीच होडी उलटली. माणसं जास्त झाली होती. बाहेर काढायला आलेल्या होडीत चढून माणसं गेली, हे मला अजून पचत नाही.

तरीही आपली कृष्णा सांगून येते. कोयनेतून विसर्ग वाढवला की इथे पोचायला वेळ लागतो. आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं, पण फुटाफुटानं गेलं. लोक जनावरं सोडतात, धान्य माडीवर चढवतात, विश्रामबागेकडे पाहुण्यांच्या घरी जातात. मी जे काही पुराबद्दल शिकलो ते या असल्या पाण्यावर शिकलो.

तुमची ग्वाडालूप नदी तशी नाही. ४ जुलैच्या पहाटे ४५ मिनिटांत २६ फूट! आकडा वाचून मला वाटलं छापताना चूक झाली असेल, म्हणून जावईबापूंना विचारलं. टेक्सासात १३० हून जास्त माणसं गेली, शिबिराला आलेल्या लहान मुली गेल्या. तुझ्या सॅन अँटोनिओपासून कारनं तासा-सव्वा तासाच्या अंतरावर. ते बघूनच तू नाव नोंदवलंस, हे तू न सांगताही मला समजलं. पण मग मी तुला काय शिकवू? तुमच्याकडे पाणी 'येतंय' म्हणेपर्यंत येऊन गेलेलं असतं.

बोटीवर तुला उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलो होतो, पत्राच्या मध्यालाच तिथे आलो. असो. आता आलोच आहे तर ऐक. जॅकेटचे पट्टे दुसऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही. गढूळ पाण्यात खाली काय आहे ते दिसत नाही. तारा असतात, कुंपणं असतात. बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो, त्याला आधी दोर किंवा ट्यूब टाकायची, हात नंतर. पुढारी असो की वरिष्ठ, बोटीत एक माणूस जास्त झालं तर नाही म्हणायचं. आणि कुणी रडतंय, हाका मारतंय म्हणून एकटीनं उडी टाकायची नाही. नाही म्हणजे नाही.

हे सगळं तुम्हाला तिथे शिकवणारच, माझ्यापेक्षा चांगलं. चाळिशीला आलेल्या मुलीला बाप कवायत घेतोय असं वाटू देऊ नकोस, माफ कर. पण तुझी खोड मला ठाऊक आहे. विहिरीत भोपळा बांधून पोहायला शिकून आठवडाही झाला नव्हता, आणि तू शेजाऱ्यांच्या शेळीमागे कालव्यात उडी घेतलीस. शेळी आपली आपण काठाला लागली. तुला मी केसांना धरून वर काढली. तू रडली नाहीस, उलट शेळीचं काय झालं ते विचारत होतीस. तो स्वभाव अजून तोच आहे, आणि म्हणूनच तुला वर्दी शोभेल हेही मला मान्य आहे.

तुमच्या सरहद्दीवरची एक बातमी वाचली, ती सांगू नये पण सांगतो. एप्रिल २०२२ मध्ये ईगल पासला, नॅशनल गार्डचा बावीस वर्षांचा मुलगा रिओ ग्रांदे नदी ओलांडणारी माणसं बुडताना पाहून पाण्यात उतरला. ती माणसं वाचली. तो मिळाला काही दिवसांनी. त्याच्या घरच्यांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्या दलाची माणसंही त्या सरहद्दीवर पाठवतात म्हणे.

तू म्हणाली होतीस की तुमच्यातली बरीच जण आश्रयकेंद्रात काम करतात. घरदार सोडून आलेल्यांच्या मनगटाला पट्टी बांधायची, कोण कुठे आहे याची नोंद ठेवायची, म्हणजे ताटातूट झालेली माणसं सापडतात. हे काम मला फार मोठं वाटतं. २००५ ला शाळेच्या वर्गावर्गातून आपलं माणूस शोधत फिरणाऱ्या बाया मी बघितल्या आहेत, आमच्याकडे त्यांना सांगायला कागदसुद्धा नव्हता. ते काम तू मागून घेतलंस तर... नाही, मी तुला वळवत नाही. तुझं तू ठरव. एवढंच विचारतो की दोन्हीचा विचार केला होतास ना?

आईला बोटीचं तू स्वतः सांग, माझ्या तोंडून नको. ती आधी चिडेल, मग देवघरात जाऊन बसेल, मग तुझा वर्दीतला फोटो मागेल. तिनं माझी वाट बघत रात्री काढल्यात, तिला कळतं.

उत्तर लिहिशील तेव्हा बाकी काही नसलं तरी चालेल, पण तुमच्या बोटीचा दोर काठावर कोण धरतं, आणि तो माणूस तुझ्या ओळखीचा आहे का, ते नक्की कळव.

तुझा,
आण्णा

ता. क. कवायतीच्या शनिवारी चिनूला कोण बघणार? जावईबापूंना सुट्टी नसेल तर त्या दोन दिवसांत मी रोज रात्री त्याच्याशी व्हिडिओवर बोलत जाईन, त्यांना तसं सांगून ठेव.