पूर्वनिवड आणि देवाचे प्रेम

रविवारच्या पुरवणीतील कॅल्विनवादावरील, म्हणजे धर्मसुधारक जॉन कॅल्विनच्या ख्रिस्ती विचारपरंपरेवरील, लेख वाचला. तारण कोणाचे होणार हे देवाने आधीच ठरवले असेल, तर सुवार्ता सांगायची कशाला, हा लेखकाचा सवाल बिनतोड वाटतो खरा. पण इतिहास वेगळेच सांगतो. ही पूर्वनिवड मानणारा इंग्रज धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळ खाणकामगारांना उघड्यावर प्रवचने देत होता. कोळशाने माखलेल्या त्यांच्या गालांवर आसवांचे पांढरे ओघळ उमटले, अशी त्याची नोंद आहे. त्याच मताचा इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आला. मराठी व्याकरणही त्याने लिहिले. देवाने तारणासाठी न निवडलेल्यांचे काय, हा पेच मात्र कॅल्विनवाद्यांना नीट सुटलेला नाही. काहींना आधीच नाकारणे देवाच्या प्रेमाशी विसंगत आहे, हा व्हाइटफील्डचा समकालीन धर्मोपदेशक जॉन वेस्ली याचा आक्षेप तिथे मला आजही पटतो.

– एक वाचक, अहिल्यानगर