विषय: पिकअपच्या मागच्या स्प्रिंग-पाट्यांबद्दलच्या प्रश्नाला उत्तर न मिळाल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. प्रश्न सुटलेला नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या पिकअपचे मागचे पाटे, म्हणजे एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, बसलेत. केळी भरून बऱ्हाणपूर रोडला लागलो की खड्ड्याखड्ड्याला एक्सल रबरी स्टॉपरवर आदळतो, घड घासून काळे पडतात आणि व्यापारी तेवढे बाजूला काढतो. माल आरसी बुकातल्या वजनाच्या आतच असतो. काटापावत्या जोडल्या आहेत. त्यामुळे ‘ओव्हरलोड’ हा शब्द कृपया काढू नका.

विचारलं एवढंच: मूळचाच नवा संच टाकू, की एक पाटा जादा चढवू? फैजपूरचा मिस्त्री जादा पाटा लगेच चढवून द्यायला तयार आहे. पाटा वाढला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही, एक्सल, टायर, ब्रेक तेच राहतात, रिकामी गाडी मागून उड्या मारते, हे सगळं मला माहीत आहे. अडलंय ते तुमच्या ब्रेकच्या वॉल्व्हपाशी. मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला तो वॉल्व्ह गाडी किती दबली यावरून वजन ओळखतो आणि तेवढाच दाब मागच्या ब्रेकला सोडतो. कडक पाट्यांमुळे भरलेली गाडी दबलीच नाही, तर त्याला ती रिकामी वाटणार आणि मागचा ब्रेक कमी लागणार. मग दांडीची सेटिंग बदलायची का, आणि किती?

हे ऐकून तुमच्या बाईंनी मला होल्डवर ठेवलं. बऱ्याच वेळाने परत येऊन म्हणाल्या, “सर, स्प्रिंग म्हणजे सीटची ना?” मी म्हणालो, नाही ताई, गाडीची. मग ‘टेक्निकल’वाले साहेब आले. त्यांना वॉल्व्हचं पहिल्यापासून सांगितलं. ते हसले. म्हणाले, “काका, तुमच्याकडे सगळेच पाटे टाकतात, तुम्हीही टाका. फक्त आम्ही सांगितलं म्हणू नका.” बरं, मग वॉरंटी? “बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल.” मग तुमच्या वर्कशॉपमध्ये करून द्या. “आमच्याकडे तसं काम होत नाही.” वर लगेच, या संभाषणाला पाचपैकी किती गुण द्याल?

वा! टाकाही म्हणायचं, नावही घ्यायचं नाही, वॉरंटीही काढून घ्यायची. उद्या पासिंगला आरटीओने जादा पाट्याबद्दल विचारलं, तर तिथेही ‘कंपनीचं नाव घ्यायचं नाहीये’ असंच सांगू का?

आमच्या घरातली ही तुमची दुसरी गाडी. वडिलांनी पहिली घेतली तेव्हा शोरूमवाला घरी येऊन चहा पिऊन गेला होता. आता ब्रेकबद्दल विचारलं तर हसतात. ब्रेकबद्दल, साहेब. हॉर्नबद्दल नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या: मूळ संच की जादा पाटा, आणि वॉल्व्हची सेटिंग किती. नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ‘व्यावसायिक वाहन, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ हे तिथे सांगायचा विचार असेल, तर २०१९ च्या कायद्यातली ग्राहकाची व्याख्या आधी वाचून या. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा त्यात बसतो.

उत्तरावर सही कोणाचीही चालेल, त्या हसऱ्या साहेबांची सोडून.

आपला, अजूनतरी ग्राहक
(ता. यावल, जि. जळगाव)