बोटीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम

नागपूर,
१२ जानेवारी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की क्रूझची बोट दुपारी चारला सुटणार असेल तर पहाटेच्या विमानाने निघून दहा वाजेपर्यंत फ्लोरिडात पोहोचता येईल, मग एका रात्रीसाठी हॉटेलला दीडशे डॉलर कशाला द्यायचे. आणि लगेच पुढे असेही म्हणालात की थांबायचेच झाले तर बंदरापर्यंत फुकट गाडी देणारे एखादे स्वस्त हॉटेल पाहून ठेव. या दोन्ही गोष्टी फोनवर नीट बोलून होण्यासारख्या नाहीत, आणि दादाने फोन स्पीकरवर ठेवला की बाळाच्या रडण्यापुढे माझे काही ऐकूही जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्र दादालाही वाचायला द्या, कारण यातली दोन कामे त्यालाच करायची आहेत.

आधी पहाटेच्या विमानाबद्दल. फेब्रुवारीत न्यूअर्कला, म्हणजे दादाकडच्या न्यू जर्सीतल्या विमानतळावर, बर्फ केव्हा पडेल याचा नेम नसतो. वादळाचा इशारा आला की विमान कंपन्या उड्डाणे आदल्या दिवशीच रद्द करू लागतात, आणि वादळ नसले तरी पंखांवर साचलेला बर्फ फवारा मारून काढण्यात सकाळच्या विमानांचा वेळ जातो. न्यूअर्कहून फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलपर्यंतचा प्रवास तीन तासांचा आहे. त्यामुळे एक विमान हुकले तर दुसरे पकडून बोट गाठायला हाताशी वेळच उरत नाही. चारची बोट म्हणजे चारपर्यंत गेले तरी चालेल असे नसते. बंदरावरचे चेक-इन साधारण तास-दीड तास आधी बंद होते, त्यानंतर आलेल्याला आत घेत नाहीत आणि तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत. पुढच्या बंदरावर जाऊन बोट गाठायची म्हटले तर तो खर्च आपला. शिवाय सहाच्या विमानासाठी आईला रात्री अडीच-तीनला उठावे लागेल ते वेगळेच. बाबा, विम्याचा एकही हप्ता कधी उशिरा न भरणाऱ्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. तुम्ही दोघे आदल्या दिवशी दुपारच्या विमानाने निघणार आहात, हे मी ठरलेले धरते.

दादाला मायामीचे विमान चाळीस डॉलरने स्वस्त दिसले, असे त्याने कळवले आहे. त्याला सांगा की तुमची बोट मायामीहून सुटत नाही. जाहिरातीत सगळीकडे मायामीच लिहिलेले असते, पण तुमच्या तिकिटावर पोर्ट एव्हरग्लेड्स हे नाव आहे, आणि ते बंदर फोर्ट लॉडरडेल शहरात आहे. मायामीचे बंदर निराळे, तिथल्या उपसागरातल्या एका बेटावर. दोन्हींमध्ये साधारण पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर आहे. मायामीला उतरलात तर वाचलेले चाळीस डॉलर टॅक्सीत जातील आणि वर आणखी द्यावे लागतील. याउलट फोर्ट लॉडरडेलचा विमानतळ बंदराला अगदी लागून आहे. आपल्याकडे सोनेगाव विमानतळावरून छत्रपती चौकाला जावे, तेवढेच ते अंतर. हॉटेल निवडताना ही एक गोष्ट लक्षात ठेवली की निम्मे प्रश्न सुटतात, कारण विमानतळाजवळचे हॉटेल हेच बंदराजवळचेही हॉटेल ठरते.

तिथे मुक्कामाचे तीन पट्टे आहेत. समुद्रकिनाऱ्यावरची हॉटेले सुंदर आहेत, पण फेब्रुवारी हा फ्लोरिडाचा ऐन हंगाम असल्यामुळे त्यांचे दर चढे असतात, आणि खोलीच्या भाड्याशिवाय ‘रिसॉर्ट फी’ म्हणून आणखी पैसे घेतात, मग तुम्ही त्यांच्या पोहण्याच्या तलावात पाय बुडवा अथवा न बुडवा. एका रात्रीसाठी आणि तेही संध्याकाळी पोहोचून तिथे राहण्यात अर्थ नाही. समुद्र तुम्हाला पुढचे सात दिवस पुरेसा दिसणार आहे. दुसरा पट्टा बंदराच्या उत्तरेला सतराव्या रस्त्यावर. जागा चांगली, पायी फिरता येईल अशी, दुकाने आणि जेवणाच्या जागाही जवळ, पण भाडे सरासरीपेक्षा वरचे. तिसरा पट्टा विमानतळाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, डेनिया बीच या लहान गावाच्या बाजूचा. नावात बीच असले तरी या हॉटेलांतून समुद्र दिसत नाही, महामार्ग दिसतो. साखळी हॉटेले, साध्या पण स्वच्छ खोल्या, सकाळचा नाश्ता बहुतेक ठिकाणी भाड्यातच धरलेला. आपले हॉटेल याच पट्ट्यातले आहे.

आता शटलचे, म्हणजे हॉटेलवरून ने-आण करणाऱ्या गाडीचे. बर्डीवरच्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात येणाऱ्या ग्राहकांपैकी बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. या भागातल्या बऱ्याच हॉटेलांच्या नावातच ‘एअरपोर्ट’ आणि ‘क्रूझ पोर्ट’ हे शब्द असतात. ते हॉटेल कुठे आहे एवढेच त्यावरून कळते; गाडी मिळेल असे वचन त्यात नसते. हॉटेलच्या माहितीत ‘मोफत शटल’ असे लिहिलेले असते, ते बहुधा विमानतळापुरते खरे असते. विमानतळाची गाडी हॉटेलची स्वतःची असते, ती दिवसभर फेऱ्या मारते, प्रवासी थोडे थोडे येतात, त्यामुळे ती फुकट देणे त्यांना परवडते. बंदराचे तसे नाही. बोटीच्या दिवशी हॉटेलातले शंभर-सव्वाशे लोक एकाच वेळी, म्हणजे दहा ते बारा या दोन तासांत निघतात, प्रत्येकाजवळ दोन मोठ्या बॅगा, आणि गाडीत जागा दहा-बारा. म्हणून बंदराची गाडी पुष्कळदा बाहेरच्या कंपनीची असते, तिचे माणशी पैसे घेतात, तिच्या वेळा ठरलेल्या असतात आणि आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवरच्या यादीत नाव लिहावे लागते. गेल्या हंगामात आपल्या महाल भागातले एक जोडपे स्वतःच बुकिंग करून गेले होते. ते रात्री दहाला हॉटेलवर पोहोचले, तोवर यादी भरली होती. त्यांना दुपारी एकची गाडी सांगितली गेली आणि शेवटी त्यांनी टॅक्सीच केली.

म्हणून मी संकेतस्थळावरच्या माहितीवर न थांबता फोन केले. फ्लोरिडाचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, त्यामुळे रात्री साडेआठला, ऑफिसचे शटर ओढल्यावर फोन लावला की तिथे सकाळचे दहा वाजलेले असतात. मी मुद्दाम शनिवार निवडला, कारण शनिवारी-रविवारी बोटी जास्त सुटतात आणि ऐन गर्दीत काउंटरवरचा माणूस कसा बोलतो यावरून हॉटेल कळते. एका ठिकाणी नुसते ‘होय, होय, शटल आहे’ एवढेच उत्तर मिळाले. किती वाजता, कुणाची, किती पैसे, हे विचारले की ‘आल्यावर सांगू’. दुसऱ्या हॉटेलातल्या बाईंनी मागे बॅगांच्या चाकांची खडखड चालू असतानाही सरळ सांगितले की विमानतळाची गाडी फुकट आहे, बंदराची गाडी माणशी दहा डॉलर, ती दहा, अकरा आणि बाराला सुटते, आणि वाटेत आणखी एका हॉटेलवर थांबते. मला हे दुसरे हॉटेल आवडले. गाडी फुकट नाही हे जे स्वतःहून सांगतात, त्यांच्या बाकीच्या सांगण्यावरही भरवसा ठेवता येतो.

बाबा, तुमच्यासाठी हिशेब मांडते. फ्लोरिडाच्या या भागात खोलीच्या भाड्यावर साधारण १३ टक्के कर लागतो आणि तो पहिल्या पानावर दाखवलेल्या दरात नसतो. मला आवडलेले ते दुसरे हॉटेल १६९ डॉलरचे. कर धरून १९१. नाश्ता त्यातच. बंदरापर्यंत फुकट शटल देणारे जे एक हॉटेल मला सापडले ते २१९ डॉलरचे, करासह २४७, आणि नाश्त्याचे पैसे वेगळे. म्हणजे फुकटच्या गाडीसाठी ५६ डॉलर जास्त. त्या भागातून बंदरापर्यंत उबरने साधारण पंधरा ते वीस डॉलर होतात. शटलचे मोल टॅक्सीच्या भाड्याइतकेच. त्याहून जास्त पैसे कुणी मागत असेल तर ते फुकट नव्हे. हाच न्याय माणशी दहा डॉलरच्या गाडीलाही लावा. एकट्या माणसाला ती परवडते, दोघांना टॅक्सीइतकीच पडते, चौघे असतील तर सरळ तोट्याची.

पैसे सारखेच पडत असतील तर तुम्ही टॅक्सीनेच जावे असे माझे मत आहे. टॅक्सी तुमच्या वेळेला येते, दुसऱ्या हॉटेलवर थांबत नाही आणि थेट तुमच्या बोटीच्या टर्मिनलला उतरवते. पोर्ट एव्हरग्लेड्समध्ये टर्मिनल बरीच आहेत आणि एकमेकांपासून दूर आहेत. शटल सगळ्या बोटींच्या प्रवाशांना सोडत फिरते, आणि आपले टर्मिनल शेवटचे निघाले तर अर्धा तास आतच बसावे लागते. शिवाय त्या गाड्यांची पायरी उंच असते आणि आईच्या गुडघ्यांना ती सोसणार नाही. विमानतळावरून हॉटेलला येताना मात्र हॉटेलच्या गाडीनेच या. तेव्हा गर्दी नसते आणि चालक बॅगा चढवायला मदत करतो. तो आईसाठी खाली ठेवायचे पायरीचे स्टूलही आणतो, हे मी विचारून घेतले आहे. त्याला दोन-तीन डॉलर टिप द्या. बॅगा हातात आल्यावरच हॉटेलला फोन करायचा आणि खालच्या मजल्यावर, आगमनाच्या बाजूला, ते सांगतील त्या दाराशी उभे राहायचे. तिथे एकसारख्या दिसणाऱ्या अनेक गाड्या येतात, म्हणून हॉटेलचे पूर्ण नाव विचारूनच चढा.

बुकिंग मी रद्द करता येण्याजोगेच घेणार आहे. आगाऊ पैसे भरून वीसेक डॉलर कमी होतात, पण बर्फाचा इशारा आला आणि दादाने तुम्हाला एक दिवस आधी पाठवायचे ठरवले तर ते पैसे गेले. आरक्षण बाबांच्या नावाने, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. चेक-इनच्या वेळी ते क्रेडिट कार्ड मागतात आणि भाड्याशिवाय पन्नास-शंभर डॉलर अनामत म्हणून अडकवून ठेवतात. ते काही दिवसांनी सुटतात. यासाठी डेबिट कार्ड देऊ नका, कारण तेवढे पैसे खात्यातून अडकतात. तुमच्या क्रेडिट कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू आहेत का, ते बँकेच्या अॅपमध्ये पाहून घ्या. दादाच्या कार्डावर पैसे टाकायचे असतील तर तो स्वतः हजर नसल्यामुळे हॉटेल त्याच्याकडून एक संमतीपत्र मागेल, ते त्याने आठवडाभर आधी भरून पाठवावे. हे त्याचे पहिले काम. दुसरे काम म्हणजे निघायच्या सकाळी न्यू जर्सीत बसून त्याच्या फोनवरून तुमच्यासाठी उबर मागवणे. दुसऱ्याच्या नावाने गाडी मागवता येते आणि गाडीचा नंबर तुमच्या फोनवर येतो.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट मी आवर्जून मागितली आहे. तिथल्या साध्या हॉटेलांत आंघोळीला बहुधा टब असतो आणि त्याची कड ओलांडूनच आत जावे लागते. ओल्या पायांनी ते तुला जमणार नाही. म्हणून टब नसलेली, नुसता शॉवर असलेली आणि लिफ्टजवळची खोली मागितली आहे. जास्तीचे पैसे नाहीत, फक्त पोहोचल्यावर काउंटरवर पुन्हा आठवण करून द्यायची. खोलीत छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे. बाहेर पायी जाण्यासारखे काही नाही, तेव्हा संध्याकाळचे जेवण वहिनीने दिलेल्या पोळीभाजीवर किंवा बाहेरून मागवून करा. नाश्त्याला ब्रेड, फळे, दही आणि दुधातले सिरीयल तुला चालेल. चिवडा बरोबर असेलच.

निघायच्या सकाळची घाई करू नका. हॉटेल अकराला सोडायचे असते. दादा बोटीचे ऑनलाइन चेक-इन करेल तेव्हा त्याला साडेअकरा ते बारा या दरम्यानची वेळ घ्यायला सांगा, म्हणजे हॉटेलातून निघून थेट आत जाता येईल आणि दुपारचे जेवण बोटीवरच होईल. बॅगांना लावायच्या चिठ्ठ्या घरूनच छापून न्या. त्या घडी करून हँडलभोवती गुंडाळायच्या आणि स्टेपल मारायच्या. स्टेपलर हॉटेलच्या काउंटरवर मिळतो. बंदरावर हमाल मोठ्या बॅगा घेतात त्या केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत पोहोचतात, म्हणून पासपोर्ट, औषधे आणि चष्मे खांद्यावरच्या पिशवीत. टॅक्सीत बसताना टर्मिनलचा क्रमांक चालकाला सांगा. तो बोटीच्या तिकिटावर असतो.

परतीच्या दिवशी हॉटेलची गरज नाही. सकाळी उतरल्यावर टर्मिनलबाहेरच टॅक्सी उभ्या असतात. विमान मात्र दुपारी बारानंतरचे घ्यायला दादाला सांगा.

फेब्रुवारीतले दर आता रोज वर जात आहेत, तेव्हा दोघांनी रविवारपर्यंत होकार कळवावा. बाबांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो तेवढा पाठवा, म्हणजे सोमवारी बुकिंग करून टाकते.

तुमची,
लेक