समासातल्या पेन्सिलीसाठी

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तीन वर्षं रखडलेलं नाटक परवा पूर्ण झालं. तुम्ही समोर असलात की आभार मानू देत नाही, लगेच विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

पहिला खर्डा तुमच्याकडे दिला तेव्हा मला तो चांगला वाटत होता. आजारी आजींची शुश्रूषा करायला मोठ्या घरात आलेली बाई, धाकट्या मुलाशी जुळलेलं मन आणि गरजणारे वडील. धमक्या, आदळलेली दारं, हाकलून देण्याचा प्रवेश, सगळं होतं. वडिलांच्या दीड पानी संवादाशेजारी तुम्ही पेन्सिलीने लिहिलंत : ‘हा का ओरडतोय? ज्याचं सगळेच ऐकतात, त्याला आवाज चढवावा लागत नाही.’ त्या रात्री मला झोप आली नाही, कारण अख्खा दुसरा अंक त्या ओरडण्यावरच उभा होता.

मग तुम्ही मला ब्रिटनची राजकन्या मार्गारेट आणि राजवाड्यातले अधिकारी पीटर टाउनसेंड यांच्याबद्दल वाचायला लावलंत. घटस्फोटित माणसाशी तिचं लग्न होऊ शकलं नाही, एवढं मला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, तारखा बघ. राजघराण्यातल्या विवाहांसाठीच्या 1772 च्या कायद्यानुसार पंचविशी गाठेपर्यंत तिला राणी एलिझाबेथची, म्हणजे सख्ख्या बहिणीची संमती हवी होती. बहिणीने तिला थांबायला सांगितलं. जुलै 1953 मध्ये टाउनसेंडना ब्रसेल्सला नेमणूक मिळाली. तिने पंचविशी ओलांडली, ते परत आले, आणि 31 ऑक्टोबर 1955 ला आपण हे लग्न करणार नाही असं तिने स्वतःच जाहीर केलं. एक नेमणूक आणि दोन वर्षांची वाट! मी कागद घेतला आणि वडिलांचे संवाद खोडत सुटले. आता ते दुसऱ्या अंकात फक्त तीन वाक्यं बोलतात, आणि त्यांतलं एक आहे, ‘घाई कशाला? वर्षभर जाऊ दे.’ वाचनाच्या वेळी ह्या वाक्याला सगळे गप्प झाले, बाई. आधीच्या गर्जनांना कुणी मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

प्रेमाची कबुलीही तुम्हीच काढायला लावलीत. 1953 मध्ये राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी मार्गारेटने टाउनसेंडच्या गणवेशावरचा धाग्याचा कण हाताने झटकला आणि पत्रकारांनी तेवढ्यावरून ओळखलं. माझी नायिका आता त्याच्या खांद्यावर चिकटलेलं ओलं पान काढते. बोलणं चालू असतं औषधांच्या वेळांचं. मुलाची आई आरशात पाहते आणि केसांत पिन खोचता खोचता थांबते. बस, एवढंच.

शेवटाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडले. मला लग्न हवं होतं, कारण तिने इतकं सोसल्यावर तिला रिकाम्या हाती पाठवायला माझं मन धजेना. तुम्ही अडवलं नाहीत, फक्त वॉलिस सिम्प्सनकडे बोट दाखवलंत, जिच्याशी लग्न करण्यासाठी ब्रिटनच्या आठव्या एडवर्ड राजाने सिंहासन सोडलं होतं. 3 जून 1937 ला तिचं लग्न झालं, पण राजघराण्यातलं कुणीही त्याला आलं नाही. नवऱ्याची ‘हिज रॉयल हायनेस’ ही उपाधी राहिली, तिला मात्र ती जोड कधीच मिळाली नाही. लग्न लावून दे, पण पुढचा दिवसही लिही, असं म्हणालात. मी लिहिला. कुटुंबाचा फोटो काढायचा असतो. सासू अगदी मायेने कॅमेरा तिच्या हातात देते, ‘तुझा हात स्थिर आहे, तूच काढ.’ ती सगळ्यांना जवळ जवळ उभं राहायला सांगते.

हा प्रवेश लिहिताना मी रडले, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. तुमची दृष्टी आता पूर्वीसारखी राहिली नाही, तरी तुम्ही चार खर्डे वाचलेत, प्रत्येक वेळी पहिल्या पानापासून. इतका वेळ माझ्या लिखाणाला याआधी कुणी दिला नव्हता.

सोबत नवी प्रत पाठवतेय. अक्षर मोठं ठेवलंय आणि समासात भरपूर जागा सोडलीय.

तुमची,
विद्यार्थिनी